फिक्या रेक्झिनवरचा जीन्सचा निळा: साबण, अल्कोहोल, मॅजिक स्पंज की पेरॉक्साइड?

बेज किंवा पांढऱ्या रेक्झिनच्या सीटवर निळसर झाक चढली, की काहीही विकत आणण्याआधी रंग कुठवर गेलाय ते बघा. उपाय त्यावरच ठरतो.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. तो लवचीक राहावा म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर असतं आणि सर्वांत वर लॅकरचा, म्हणजे संरक्षक लेपाचा, अगदी पातळ थर. जीन्समधली नीळ पाण्यात विरघळत नाही; तिचे कण घासून आधी लॅकरवर बसतात. मग घाम, बसणाऱ्याचं वजन आणि उन्हात तापलेली गाडी यांमुळे रंग खालच्या मऊ थरात उतरतो. तिथे पोचलेला रंग कितीही घासला तरी हलत नाही, लॅकर मात्र निघून जातं.

म्हणून सुरुवात साबणानेच करा. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी धुण्याचं लिक्विड घाला, पांढरं सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागावर फिरवा. रेक्झिनवरच्या दाणेदार नक्षीच्या खाचांसाठी मऊ ब्रश लागतो. फडकं निळं होत असेल तोवर हाच उपाय चालू ठेवा. काही दिवसांपूर्वीचा डाग बरेचदा एवढ्यावरच जातो, आणि रेक्झिनचं काहीच बिघडत नाही.

फडकं कोरं राहू लागलं आणि डाग उरलाच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मॅजिक स्पंज (मेलामाइन फोमचा पांढरा स्पंज) यांत निवड करावी लागते. दोन्हींत आमचा कौल अल्कोहोलला. 70 टक्क्यांचं घ्या आणि सीटखालच्या न दिसणाऱ्या भागावर आधी लावून बघा. तिथे चिकटपणा आला किंवा सीटचाच रंग फडक्यावर उतरला, तर थांबा. पीयू लेदरवर (पॉलियुरेथेनच्या कृत्रिम लेदरवर) असं लवकर होतं. चाचणी ठीक असेल तर फडकं ओलं करून तळहाताएवढ्या जागेवर दहा-पंधरा सेकंद टिपा, बाजू बदला आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या. अल्कोहोल थेट सीटवर ओतलं तर ते रंग विरघळवून शिवणीत आणि खालच्या फोममध्ये नेतं. पुन्हा पुन्हा वापरलं तर प्लॅस्टिसायझर ओढलं जातं, रेक्झिन कडक होतं, तडकतं. सॅनिटायझरच्या जेलमधलं ग्लिसरीन चिकट थर ठेवतं, त्यामुळे ते नको.

मॅजिक स्पंज हा खरं तर अतिबारीक पॉलिश पेपर. डाग चटकन निघतो याचं कारण तो लॅकरही खरवडतो. जागा निस्तेज होते आणि पुढचा रंग तिथेच आधी धरतो. शिवणीजवळच्या एखाद्या हट्टी रेघेवर ओला करून, न दाबता दोन-चार वेळा फिरवायला हरकत नाही. अख्खी सीट त्याने घासू नका.

रंग आत उतरला असेल तर तो आतच फिका करावा लागतो, आणि त्यासाठी पेरॉक्साइड. हेअर कलरबरोबर मिळणारं 20 व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हातमोजे घालून पातळ थर लावा, वर क्लिंग फिल्म चिकटवा आणि काचा थोड्या उघड्या ठेवून गाडी दोन-तीन तास उन्हात ठेवा. क्रीम वाळू देऊ नका. नंतर ओल्या फडक्याने पूर्ण पुसा आणि दुसऱ्या दिवशी फरक बघून पुन्हा करा. नीळ या ऑक्सिडेशनने फिकी पडते, पण हळू. एका दिवसात निकाल मागू नका. 40 व्हॉल्यूमचं घेऊन घाई केल्यास शिवणीचा धागा आणि लॅकर धोक्यात येतात. छिद्रांच्या सीटवर हा उपाय करू नका, क्रीम छिद्रांतून फोममध्ये जातं.

थिनर, अॅसिटोन आणि पेट्रोल पूर्ण टाळा. ते पीव्हीसीच फुगवतात. कपड्यांचं क्लोरीन ब्लीचही नको. त्याने धागा कमजोर होतो, आणि अल्कोहोल किंवा टॉयलेट क्लीनरशी ते मिसळलं तर विषारी वाफा तयार होतात.

हळदीच्या डागाला एवढा खटाटोप लागत नाही. तिथे साबण घासू नका, अल्कलीने (क्षाराने) डाग लाल होतो. अल्कोहोलने टिपा आणि उरलेलं उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

पेरॉक्साइडनेही जमलं नाही, तर व्हिनाइल पेंट (रेक्झिनवर मारायचा रंग) किंवा पॅनल, म्हणजे सीटवरचा रेक्झिनचा तेवढा तुकडा, बदलणं एवढंच उरतं. पेंट स्वस्त पडतो, पण चढता-उतरताना घासल्या जाणाऱ्या कडेवर आधी तोच सुटतो. पॅनल टिकतं, मात्र जुन्या सीटशेजारी नव्या रेक्झिनची छटा वेगळी दिसते. सीटमध्येच साइड एअरबॅग असेल तर तिची शिवण साध्या कुशनवाल्याकडे उसवू नका. ती एअरबॅग फुगताना ठरावीक जागी फाटावी अशीच शिवलेली असते.

पावसाळ्यात दमट राहणाऱ्या सीटवर आपोआप उमटलेला गुलाबी डाग दिसला, तर वरचे सगळे उपाय बाजूला ठेवा. तो बहुधा मागच्या कापडात वाढलेल्या सूक्ष्मजीवांचा रंग असतो, आतून वर आलेला. तिथे आधी ओल शोधून बंद करावी लागते आणि बहुतेकदा ते पॅनलच बदलावं लागतं.