सायलेन्सरच्या कामाचं एस्टिमेट आणि एक तुटलेलं रबर

एस्टिमेटवर चार ओळी होत्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाच्या धुरातले विषारी वायू निकामी करणारा भाग), पुढचा-मागचा मिळून दोन ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे), मागचा सायलेन्सर पाइपसकट, आणि लेबर. बेरीज एवढी होती की माझी ११ वर्षांची पेट्रोल गाडी आज विकली तर जेवढे येतील त्याच्या जवळजवळ निम्मे. "उद्यापर्यंत होकार कळवा मॅडम, पार्ट मागवावे लागतील," एवढं सांगून काउंटरवरचे गृहस्थ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. शेवटी मी काम दुसरीकडे करून घेतलं. हा अभिप्राय त्या दुसऱ्या गॅरेजचा आहे, पण पहिल्याबद्दल लिहिल्याशिवाय तो पुरा होणार नाही.

तक्रार साधी होती. सकाळी गाडी चालू केली की पुढून टिकटिक यायची आणि इंजिन तापलं की ती कमी व्हायची. पंधरा दिवसांत तिची घरघर झाली. मग चेक इंजिनचा दिवा लागला. पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, कोड आला पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर हवं तेवढं काम करत नाही. त्यावरून थेट कन्व्हर्टर बदलायचं ठरलं. मी विचारलं, पाइप कुठे फुटलाय का ते बघितलंत का? उत्तर मिळालं, कोडच तसा आलाय. गाडी लिफ्टवर होती तरी मला खाली जाऊ दिलं नाही.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. कन्व्हर्टर फळ्यावर कितीतरी वेळा काढलाय. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ लेप. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचं तिथे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजनची ऑक्साइड्स मोडून पुन्हा नायट्रोजन होतो. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, हे मुलांकडून घोकून घेतलेलं वाक्य. मग माझा कन्व्हर्टर संपला कशाने? तो मरतो, पण त्याला कारण लागतं. प्लग नीट न पेटल्यामुळे कच्चं पेट्रोल आत जाऊन जाळी वितळते, इंजिन ऑइल खात असेल तर लेपावर थर बसतो, किंवा खालून आपटून जाळी फुटते. कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. एस्टिमेटमध्ये कारणाची एकही ओळ नव्हती, आणि माझं मन तिथेच अडलं.

दुसरं गॅरेज छोटं आहे, फक्त सायलेन्सरचीच कामं करतं. तिथल्या काकांनी फोनवर कसलाच आकडा सांगितला नाही. "ताई, गाडी रात्रीच आणून लावा. इंजिन गार असताना बघितलं तरच कळेल." सकाळी माझ्यासमोर गाडी वर घेतली, चालू केली आणि मागच्या पाइपच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा काही क्षण दाबून धरला. आतला दाब वाढला तसा पुढून फुस्स आवाज आला. मग साबणाच्या पाण्याचा फवारा. फ्लेक्स पाइपच्या, म्हणजे इंजिनाचे हादरे सोसायला मध्ये बसवलेल्या लवचिक तुकड्याच्या, तारांच्या विणीतून बुडबुडे आले. बाजूच्या गास्केटमधूनही, म्हणजे पाइपच्या सांध्यात घट्ट बसवलेल्या चकतीतूनही, बारीक फेस येत होता. बोट दाखवून ते म्हणाले, "हे बघा, इथून जातंय."

फ्लेक्स माझ्या गाडीत पुढच्या सेन्सरनंतर आणि कन्व्हर्टरच्या आधी येतो. धूर पाइपमधून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांमध्ये दाब पडला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. मागचा सेन्सर कन्व्हर्टरच्या नंतर असतो आणि त्याच्यावरूनच कन्व्हर्टरचं काम जोखलं जातं. आत आलेली हवा त्याला ऑक्सिजन म्हणून दिसते आणि गाडीचा कॉम्प्युटर दोष कन्व्हर्टरला देतो. माझ्या कोडचा उगम बहुधा हाच होता. कन्व्हर्टर बदलला असता तरी फाटलेला फ्लेक्स तसाच राहिला असता, कारण चार ओळींत तो नव्हताच.

काकांनी रबरी हातोड्याने कन्व्हर्टरवर दोन-तीनदा ठोकलं. आवाज भरीव आला, आत काही खुळखुळलं नाही. मागच्या सायलेन्सरच्या शिवणीला गंज होता. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहिलं, पत्रा दबला नाही. घरातून शाळेत आणि शाळेतून घरी एवढंच गाडी फिरते, त्यामुळे हा गंज. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. पाइप पुरता तापला नाही तर ते वाफ होऊन बाहेर न पडता डब्यातच साचतं आणि पत्रा आतून खातं.

मग त्यांनी मला मागे नेलं आणि सायलेन्सर टांगून ठेवणारं एक रबर दाखवलं. वरच्या भोकापासून खालपर्यंत उभं चिरलेलं, बोटाच्या धक्क्याने दोन तुकडे झाले. त्या बाजूने डबा लोंबत होता आणि दर खड्ड्याला त्याचा झटका फ्लेक्सवर जात होता. एवढ्याशा रबरापायी! इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ती माउंटिंगही तपासली, ती खचली की फ्लेक्स असाच फाटतो. माझी शाबूत होती.

त्यांनी नवा फ्लेक्स वेल्ड करून दिला, गास्केट बदललं, सगळी रबरं नवी घातली. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, तेही न सांगता. खर्च पहिल्या एस्टिमेटच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी आला. काम एका दिवसाचं होतं, दोन लागले, कारण फ्लँजचा, म्हणजे पाइपच्या जोडावरच्या कडीचा, गंजलेला बोल्ट सोडवताना तुटला. तो तुटू शकतो आणि तुटला तर वेळ लागेल, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. बिल मात्र मी मागेपर्यंत नुसत्या बेरजेचं होतं, ओळवार मागून घ्यावं लागलं. एक तारा त्यासाठी कापते. ५ पैकी ४.

पहिल्या गॅरेजला मी लबाड म्हणणार नाही. त्यांचे पार्ट कंपनीचे, आणि पुष्कळ गाड्यांना कंपनीकडून फ्लेक्स सुटा मिळतच नाही, पाइपसकट पूर्ण असेंब्ली घ्यावी लागते. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूंचा लेप कमी असू शकतो, म्हणून महागातला घ्या हा सल्लाही चुकीचा नाही. कुठेच गळती नसताना कोड परत आला असता, चढावर गाडीचा दम गेला असता, ठोकल्यावर आत खुळखुळलं असतं, तर त्या रकमेला मीच होकार दिला असता. मात्र जुना कन्व्हर्टर कोण ठेवणार हे आधी विचारलं असतं. त्यातल्या धातूंमुळे मोडीतही त्याला किंमत असते, आणि एस्टिमेटमध्ये त्याची वजावट नव्हती.

विचार करायला वेळ घ्या, पण त्या काळात गाडी चालवू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. माझी आई मागच्या सीटवर बसते. फ्लेक्सजवळची गळती कन्व्हर्टरच्या आधी असते, म्हणजे तिथून निघणारा वायू शुद्ध झालेलाच नसतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो वास येतो तो बाकीच्या धुराचा, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असं समजून चालत नाही. खिडक्या उघड्या ठेवून भागवू असा विचार माझ्याही मनात आला होता. तो सोडला आणि नऊ दिवस आम्ही रिक्षाने गेलो-आलो.

कोड पुसल्यावर काकांनी स्कॅनरवर दोन रेघा दाखवल्या. पुढच्या सेन्सरची रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली नाचत होती. मागच्या सेन्सरची ०.७ च्या आसपास जवळजवळ सपाट. कन्व्हर्टर काम करत असेल तर ती अशीच दिसायला हवी. कामाच्या आधी तीही पहिलीसारखीच नाचत होती, ते मी पाहिलं होतं. "आज दिवा गेला म्हणून खूश होऊ नका," ते म्हणाले, "गाडी आपली तपासणी पुरी करायला काही दिवस घेते. लागला तर परत या." सात आठवडे झाले, दिवा लागलेला नाही. सायलेन्सरची गंजलेली शिवण सहा महिन्यांनी पुन्हा बघायची आहे. बिलाच्या मागे पेन्सिलने तसं त्यांनीच लिहून दिलंय.