भरती, डे-केअर की घर? खाण्याच्या विकारावर मुंबईत उपचार निवडताना

मुलीचं जेवण तुटलंय, वजन उतरतंय, पाळी थांबलीय आणि डॉक्टरांनी ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराचं, नाव घेतलंय. आता ॲडमिट करायचं, डे-केअरला रोज ने-आण करायची (दिवसा उपचार, रात्री घरी) की घरीच सांभाळायचं?

आधी हृदय तपासून घ्या. दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं, चक्कर, पोटॅशियम किंवा फॉस्फेट कमी, ईसीजीत बदल, पाणीही नाकारणं, आत्महत्येचे विचार. यातलं एकही असेल तर तुलना करत बसू नका, भरती करा. तीही अशा ठिकाणी, जिथे मेडिसिन किंवा बालरोग आणि मानसोपचार हे विभाग एकाच आवारात आहेत. केईएम, नायर, सायन इथे ते आहेत; केसपेपरच्या रांगेला कंटाळू नका. मानसोपचाराचं छोटं नर्सिंग होम या टप्प्याला पुरत नाही. उपाशी शरीराला एकदम भरपूर पोषण मिळालं की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदय, श्वास दोन्ही अडचणीत येतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ‘दोन बाटल्या सलाईन लावून घरी न्या’ हा ओळखीतला सल्ला म्हणूनच घातक, कारण ग्लुकोजच्या सलाईननेही हेच होऊ शकतं.

पण भरती किती दिवस? पूर्वी वजन पूर्ण भरेपर्यंत महिनोन्‌महिने ठेवत. ती समजूत आता ढिली झाली आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत 172 मुली होत्या. तीन आठवडे भरती ठेवून मग डे-केअरला पाठवलेल्या मुली, पुढेही वॉर्डातच राहिलेल्या मुलींपेक्षा मागे पडल्या नाहीत. म्हणून ‘आमच्याकडे तीन महिने ठेवा’ असं पहिल्याच भेटीत सांगणाऱ्या खासगी केंद्राबद्दल मला शंकाच येते.

डे-केअर कागदावर सगळ्यात छान. मुंबईत त्याचा शत्रू म्हणजे प्रवास. अशक्त मुलीला डोंबिवलीहून परळला रोज गर्दीत उभं राहून न्यायचं, तर खाल्लेलं त्यातच खर्च होतं. घर जवळ असेल तरच हा पर्याय धरा, आणि एकच गोष्ट विचारा: देखरेखीखाली तिथे किती वेळा खाऊ घालतात? नुसत्या गप्पा आणि चित्रकला असेल तर ते डे-केअर या आजारासाठी नाही.

अठराच्या आतली मुलगी, आजार तीन वर्षांहून कमी जुना आणि नाडी ठीक असेल, तर माझा कौल घराला. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात 1980 च्या दशकात आकाराला आलेल्या कुटुंबाधारित पद्धतीत ताटाचा ताबा काही काळ आई-बाबांकडे असतो: काय, किती, कधी हे तेच ठरवतात, मुलगी संपवेपर्यंत शेजारी बसतात; वजन सावरलं की ताबा हळूहळू तिच्याकडे परत. ऐकायला सोपं, करायला भयंकर दमवणारं. दोघंही नोकरीला असतील तर दुपारचं ताट कोण सांभाळणार? शाळेचा डबा कोणासमोर उघडणार? आजीच्या ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ला कोण आवरणार? नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, संकष्टी यांचे उपवास या काळात सरळ बंद. उपवासाच्या आड हा आजार आपल्या घरांत फार सहज लपतो. हे जमणार नसेल तर घराचा हट्ट धरू नका.

वय वाढलेलं असेल आणि खाऊन उलट्या करण्याचा बुलिमिया असेल, तर हिशोब वेगळा. तिथे सहसा ओपीडीतली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्यातली थेरपी, पुरते; सोबत फ्लुओक्सेटीन या गोळीचा उपयोग होतो. मात्र उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, म्हणून वजन नॉर्मल दिसलं तरी रक्त तपासा. ॲनोरेक्सियात गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. तिथे औषध म्हणजे अन्न.

पैशाचं थोडक्यात: 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. पण साध्या मेडिक्लेममध्ये ओपीडी सहसा बसत नाही आणि डे-केअरचं पॉलिसीवर अवलंबून, ते आधी लेखी विचारून घ्या. कुठे जावं हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

डिस्चार्जआधी हॉस्पिटलला विचारा: पुढच्या आठवड्यात वजन आणि नाडी कोण बघणार, ताटात काय वाढायचं हे डायटिशियन आईला बसवून सांगणार का, आणि वजन पुन्हा किती उतरलं तर परत आणायचं? ‘महिन्याभराने या’ एवढंच उत्तर आलं, तर फॉलोअपसाठी दुसरा डॉक्टर त्याच दिवशी ठरवा.