आईची वही आणि सणांचा स्वयंपाक: आठ महिने वापरल्यानंतर

आधी कशाबद्दल लिहितोय ते सांगतो. १९८३ सालची रोजनिशी आहे, मरून रेक्झिनच्या पुठ्ठ्याची, बाबांना कुणीतरी भेट दिलेली. बाबांनी तिच्यात एक ओळही लिहिली नाही, आईने सणांचे पदार्थ लिहिले. तीसेक वर्षं लिहीत होती. ती गेल्यावर वर्षभर घरात सण नव्हते. ज्येष्ठात वर्षश्राद्ध झालं आणि आषाढातल्या दिव्याच्या अवसेला मी पहिल्यांदा ती वही ओट्यावर उघडली. तिथून परवाच्या होळीपर्यंत घरातला प्रत्येक सण या वहीवरच केला. घरात आम्ही दोघं, मी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. मला तोवर वरणभात, पोहे आणि ऑम्लेट एवढंच येत होतं, हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

पहिला पदार्थ कणकेचे दिवे. गुळाचं पाणी, चमचाभर तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ, घट्ट कणीक, अंगठ्याने खळगा, पंधरा मिनिटं वाफ. वरून तूप. जमले. बाबांनी देवापुढे लावलेला दिवा विझल्यावर तोच आधी खाल्ला. मला वाटलं, एवढं सोपं असेल तर वर्ष निघून जाईल.

नागपंचमीला गाडी अडली. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा चढवत नाहीत, म्हणून पुरणाचे दिंड. कणकेच्या पुरीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि उकडायची. वहीत लिहिलेलं: ‘डाळ २ वाट्या, गूळ पावशेर.’ मी बाजारातून आणलेल्या मापाच्या कपाने डाळ घेतली आणि पाव किलो गूळ घातला. दिंड दिसायला सुबक झाले, पण पुरण फिकं. बाबा काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “गुळाचा एक खडा दे बरं.”

मग मी मापांच्या मागे लागलो. आईने बरंचसं आजीच्या तोंडून उतरवलं होतं. मापांचा कायदा १९५६ ला झाला, किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने दुकानांत आले, पण आजीच्या तोंडात शेवटपर्यंत शेर, पावशेर, अदपाव. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. पावशेर २३३, अदपाव ११७ च्या आसपास. धान्याचा शेर मात्र मापाचा, चार शेरांची पायली, त्याचा या वजनाशी संबंध नाही. गूळ, तूप, रवा वजनाने आणि डाळ-तांदूळ मापाने, असं एकाच पानावर सरमिसळ आहे. तरीही पावशेर आणि पाव किलोतला फरक सतरा ग्रॅमांचा. चूक तिथे नव्हतीच. चूक वाटीत होती.

आईची वाटी कुठली, हे मला माहीतच नव्हतं. मांडणीवर पाच आकारांच्या वाट्या आहेत. एक दिवस बाबांच्या उशाशी सकाळच्या गोळ्या काढून ठेवलेली स्टीलची वाटी उचलली, तर तिच्या काठावर एक चेमट आणि आत कणकेचा जुना, वाळून दगड झालेला ठिपका. बाबांना विचारलं. म्हणाले, “तिची मापाची वाटी आहे. पिठाच्या डब्यात असायची. डबा धुवायला काढला तेव्हा मी घेतली.” कधी घेतली ते मी विचारलं नाही. बाबांना गोळ्यांसाठी दुसरी वाटी दिली. तीन दिवस त्यांनी दोन्ही उशाशी ठेवल्या, मग हिला स्वतःच आणून ओट्यावर ठेवलं.

ती वाटी काठोकाठ १६० मिलिलिटरची निघाली. माझा कप २४० चा. म्हणजे दिंडाला मी दीडपट डाळ घेतली होती आणि गूळ तेवढाच. सपाट भरली की तिच्यात हरभरा डाळ १३५ ग्रॅमच्या आसपास बसते, तांदळाची पिठी शंभरच्या आसपास. वहीत ‘शिगेची वाटी’ असं असेल तर डोंगर करून भरायची. या एका शोधानंतर वहीतल्या दहापैकी आठ कृती पहिल्या फटक्यात बरोबर यायला लागल्या. कुणाकडे अशी वही असेल तर पदार्थ करायच्या आधी तिची वाटी शोधा, आणि माणूस हयात असेल तर आजच विचारून घ्या.

मोदकांचं पान या वहीतलं मला सगळ्यात प्रिय. आई मूळची सातारकडची, त्यांच्याकडे तळणीचे मोदक. उकडीचे ती लग्नानंतर रत्नागिरीच्या शेजारणीकडून शिकली. जेवढ्यास तेवढं पाणी, आंबेमोहोराची पिठी, पाण्याला चमचाभर लोणी आणि मीठ. सारणाला दोन वाट्या खोवलेला नारळ, एक वाटी गूळ. ‘उकड मळताना हाताला चटका बसला पाहिजे, निवली की फुटते.’ ‘मोदक पाण्यात बुडवून मगच चाळणीत ठेवावा.’ दोन्ही सूचना शंभर टक्के खऱ्या. पहिल्या घाण्याला मी बुडवले नाहीत, पाचपैकी तीन चिरले. दुसऱ्या घाण्याला बुडवले, एकही नाही.

पण त्या पानाच्या समासात दुसरंच काही आहे. दर वर्षी तिने किती पाकळ्या पडल्या ते लिहून ठेवलंय. १९८४, पाच. १९८७, सात. १९८९, नऊ, आणि पुढे ‘ताई पोटात’. १९९४ ला पंधरा, शेजारी एक छोटी फुली. मग बरीच वर्षं तेरा-पंधरा, तेरा-पंधरा. २०११ ला अकरा. २०१४ ला नऊ, ‘बोटं वळत नाहीत’. त्यानंतर नोंद नाही. त्या वर्षांत मी याच घरात होतो, मोदक खात होतो, पाकळ्या कमी झाल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. माझे या वर्षी सहा पाकळ्यांचे झाले. उरलेल्या उकडीच्या, मिरची-जिरं वाटून लावलेल्या निवगऱ्या मात्र अप्रतिम झाल्या, त्याला पाकळ्या लागत नाहीत.

ऋषिपंचमीची भाजी सोपी आहे, हात धुऊन करून टाकावी अशी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं जे असेल ते: अळू, माठ, पडवळ, दोडका, लाल भोपळा, भेंडी, मक्याचं कणीस, सुरण. तेल नाही, फोडणी नाही. चिंचेचा कोळ, मीठ, मिरची, वरून ओलं खोबरं. पुण्यात परस कुठलं, मंडईतून आणल्या. कोजागिरीचं दूधही असंच, विशेष सांगण्यासारखं नाही. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे केले, गॅसवर भाजलेल्या वांग्याला निखाऱ्याचा वास येत नाही एवढंच.

दिवाळीत वहीने दोन्ही बाजू दाखवल्या. चकलीची भाजणी निर्दोष: तांदूळ ४, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, धने-जिरे. खाली तांबड्या शाईत ‘गिरणीत गव्हानंतर दळू नये, हरभऱ्यावर टाकायला सांगणे’. सांगितलं. चकली खुसखुशीत आणि काटेरी. ताईला बंगळुरूला पाठवली, तिने फोन करून फक्त “तीच आहे रे” एवढं म्हटलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

अनारशांनी मात्र रडवलं. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मग कापडावर सावलीत पसरून, ओलसर असतानाच दळून चाळायचे. इथपर्यंत नीट. पुढे लिहिलंय ‘गूळ मावेल तेवढा’. किती मावतो हे ज्याने आयुष्यभर केलं त्यालाच कळणार. मी घालत गेलो, पीठ घेत गेलं. पाच दिवसांनी खसखशीवर थापून तुपात सोडला आणि अनारसा हसला, म्हणजे विरघळून कढईभर पसरला. दुसराही हसला. कराडच्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, “अरे, गूळ जास्त झाला. कोरडं पीठ थोडं बाजूला काढलं होतंस की नाही? ते मिसळायचं.” नव्हतं काढलं. आणि नंतर बघतो तर ती सूचना वहीत आहेच, पण चार पानं पुढे, चिरोट्यांच्या खाली: ‘अनारसा पीठ मूठभर कोरडे ठेवणे. हसला तर हे, वळेना तर पिकल्या केळ्याचा तुकडा.’ वहीची मोठी अडचण ती हीच. जागा सापडेल तिथे लिहिलंय. मी आता पानांना रंगीत चिठ्ठ्या लावल्यात, आणि अनारसे करायच्या आधी चिरोटे वाचतो.

आणखी एक उणीव म्हणजे आचेबद्दल जवळजवळ काहीच नाही. ‘बेताची आच’ एवढंच. बेत कळायला मला भोगी उजाडली. त्या दिवशी वांगी, गाजर, ओले हरभरे, पावटा, बोरं आणि तिळाचं कूट घालून केलेली भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. भाकरी फुगली. बाबांनी दारातूनच पाहिली आणि म्हणाले, “न खाई भोगी तो सदा रोगी. वाढ.” दुसऱ्या दिवशी गुळपोळीत गुळाचं सारण आणि कणीक दोन्ही सारखीच मऊ हवीत हे वहीत ठळक अक्षरात होतं, म्हणून वाचलो.

होळीला पुरण. आईच्या वाटीने दोन वाट्या डाळ, २३३ ग्रॅम गूळ काट्यावर तोलून, जायफळ. ‘उलथनं उभं राहिलं की झालं.’ राहिलं. गरम असतानाच यंत्रातून काढलं. येळवणीची कटाची आमटी किंचित पातळ झाली. पहिल्या दोन पोळ्या फुटल्या, तिसरी कडेपर्यंत भरली गेली. बाबांनी तीन खाल्ल्या, गुळाचा खडा मागितला नाही. रात्री मी त्या पानाच्या समासात पेन्सिलीने पहिल्यांदा काही लिहिलं: ‘कट पातळ, पाणी कमी. पोळ्या ११.’ शाईने लिहायचं धाडस झालं नाही.

आता पाडवा आलाय. श्रीखंडाचं पान काल उघडलं. ‘चक्का रात्री टांगणे. साखर चक्क्याइतकीच. केशर. ह्यांना जायफळ आवडत नाही, वेलची घालणे.’ बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मला आवडतं की जायफळ,” ते म्हणाले. “तिलाच वास सहन व्हायचा नाही. वेलचीच घाल.”