अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘मॅनेजमेंट कोटा’ नसतो

माझ्या पुतणीच्या बाबतीत जे घडलं ते दादा-वहिनींना विचारून लिहितोय. सांगली, मिरज, इस्लामपूर भागातल्या पालकांना ‘अमेरिकेतल्या कॉलेजात सीट मिळवून देतो’ असे फोन अजूनही येताहेत आणि अर्जांचे दिवस तोंडावर आलेत.

पोरगी बारावी सायन्सला. तिला फिजिक्स आणि इतिहास दोन्ही शिकायचं होतं. आपल्याकडे ते सहसा जमत नाही म्हणून शोधता शोधता ती अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांपर्यंत पोचली. ॲमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर ही त्यातली नावाजलेली. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, सगळा भर पदवीच्या शिक्षणावर, आणि शंभर अर्ज आले तर दहा जणांनाही प्रवेश मिळत नाही. वर्षाचा खर्च 80 हजार डॉलरच्या वर, पण ऐपत नसलेल्या मुलाला निवडलं तर कॉलेज स्वतःच्या निधीतून भरघोस मदत देतं. दादाचा मार्केट यार्डात हळदीचा छोटा व्यापार आहे. त्यामुळे सगळी आशा या मदतीवरच होती.

विश्रामबागेतल्या एका कन्सल्टंटनं इथंच बरोबर डाव साधला. “इंटरनॅशनल कोट्यात सीट आहे, ट्रस्टी आपल्या ओळखीचे आहेत. आज टोकन भरलं नाही तर सीट लातूरच्या पार्टीला जाईल,” असं तो दादाला म्हणाला. इंजिनिअरिंग-मेडिकलचा मॅनेजमेंट कोटा आपल्या अंगवळणी पडलाय, त्यामुळे हे बोलणं कोणालाही खरं वाटेल. हप्त्याहप्त्यानं 2 लाख 75 हजार गेले. सगळे एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर, यूपीआयनं.

त्या कॉलेजांत असा विकत घेता येणारा कोटा नाही. पैसे घेऊन मागच्या दारानं मुलं घुसवणाऱ्या रिक सिंगरचं प्रकरण 2019 मध्ये अमेरिकेत उघड झालं आणि 2023 मध्ये त्याला साडेतीन वर्षांची कैद झाली. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आत असते. परवडत नसेल तर ती माफ होते, आणि कोल्बी, ग्रिनेलसारखी कॉलेजं फी घेतच नाहीत.

मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर ऑफर लेटरची पीडीएफ आली आणि ‘व्हिसा डिपॉझिट’ म्हणून आणखी चार लाख मागितले. पुतणीला संशय आला. खरा निकाल कॉलेजच्या पोर्टलवर दिसतो, आणि त्या पोर्टलचा पासवर्ड तिला कधी दिलाच नव्हता. तिनं थेट कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल केला. उत्तर आलं की अर्ज डिसेंबरमध्येच नाकारलाय आणि ते पत्र आमचं नाही.

पोलिसांत जातो म्हटल्यावर त्या कन्सल्टंटनं कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांचे अर्ज जिथं एकत्र ऑनलाइन भरतात त्या साइटचा, पासवर्ड दिला. आत जे दिसलं, त्याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

पुतणीनं निबंध लिहिला होता तो हरिपुरातल्या पेवांवर. आमच्या आण्णांची हळद जमिनीखालच्या पेवात असायची. 2005 च्या पुरात पाणी आत शिरलं आणि माल गेला. 2019 ला पाणी घरात चढत होतं तेव्हा आण्णांनी तिला ती गोष्ट सांगितली. पाणी कुठून शिरलं, माती का ढासळली, हे ती त्यांना विचारत बसली आणि तिथून तिला विज्ञान आणि इतिहास एकत्र दिसायला लागले. साडेसहाशे शब्दांत तिनं हे इतकं नेमकं लिहिलं होतं की वाचताना वहिनी रडल्या होत्या. असला निबंध दुसरं कोणी लिहूच शकत नाही, आणि ही कॉलेजं तेच शोधत असतात.

त्या माणसानं तो फेकून दिला. अर्जात होती एक भलतीच मुलगी, जिनं म्हणे एनजीओ काढून तीनशे मुलींना कॉम्प्युटर शिकवला. पुढे इस्लामपूरचं एक कुटुंब भेटलं. त्यांच्या मुलाच्या अर्जातही हाच निबंध, फक्त गावाचं नाव वेगळं. शिफारसपत्र तिच्या सरांच्या नावानं होतं आणि सरांना त्याचा पत्ताही नव्हता. अर्ज अर्ली डिसिजनचा होता. त्यात प्रवेश मिळाला तर तिथंच जाणार असं विद्यार्थी, पालक आणि शाळेनं सही करून कबूल करायचं असतं. दादाची सही खोटी होती. आर्थिक मदत हवी का, या प्रश्नावर ‘नाही’. म्हणजे प्रवेश मिळाला असता तरी ती जाऊ शकली नसती, कारण परदेशी विद्यार्थ्यानं सुरुवातीला मदत मागितली नाही तर बऱ्याच कॉलेजांत नंतर मागता येत नाही. आणि ॲमहर्स्ट, बोडन अशी काही कॉलेजं तर मदत मागितली म्हणून परदेशी मुलांचा अर्जही मागे टाकत नाहीत.

कॉमन ॲपचं खातं मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर, मुलानंच उघडायचं. पासवर्ड मागणारा कितीही गोड बोलला तरी तिथून उठायचं. शिफारसपत्र शिक्षक स्वतः अपलोड करतात, ते एजंटाच्या हातून जात नाही. माहिती हवी असेल तर मुंबईत यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) या संस्थेच्या कार्यालयात एज्युकेशनयूएसएचं केंद्र आहे. एज्युकेशनयूएसए हे अमेरिकी सरकारच्या परराष्ट्र खात्याचं सल्ला केंद्रांचं जाळं आहे.

पुतणीनं कॉलेजला सगळा प्रकार कळवलाय, सरांचं पत्रही जोडलंय. यंदा ती स्वतः अर्ज भरतेय, पेवांचाच निबंध घेऊन. आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून सायबर पोलिसांत तक्रार दिली, इस्लामपूरच्या कुटुंबानंही दिली. ज्यांनी कोणाला असे पैसे भरलेत त्यांनी यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि ती पीडीएफ डिलीट करू नका. तक्रारीसोबत तेच लागतं.