शिंगखत घ्या, फ्लोफॉर्म राहू द्या

बायोडायनॅमिक ही रुडॉल्फ स्टायनर यांच्या विचारांवर उभी राहिलेली, रासायनिक खतं टाळणारी शेतीपद्धत. तिच्या फवारणीचा पूर्ण संच म्हणजे शिंगखताची पुडी, शिंग-सिलिकाची (शिंगात भरून पुरलेल्या गारगोटीच्या भुकटीची) छोटी बाटली, ढवळायचं पिंप आणि सिमेंटच्या किंवा फायबरच्या वाट्यांची उतरंड, म्हणजेच फ्लोफॉर्म. निपाणीचा तंबाखूवाला असो की खानापूरचा रताळीवाला, रासायनिक खतातून बाहेर पडू पाहणाऱ्याला यातली सगळ्यात महाग वस्तू ‘पाणी जिवंत करणारी’ म्हणून सांगितली जाते. तिथेच पैसा चुकीच्या जागी जातो.

आधी चांगलं ते. शिंगखत, म्हणजे बीडी-५००. दुभत्या गाईचं शेण गाईच्या शिंगात भरून पावसाळा सरताना पुरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उकरतात. तयार माल काळपट, ओलसर, बोटांत मळला जाणारा असतो आणि त्याला रानातल्या मातीचा वास येतो. पुडी उघडल्यावर शेणाचा वास आला किंवा आत हिरवट गाभा दिसला, तर माल कच्चा आहे, परत करा. सुकून खडे झालेलंही घेऊ नका. घरी मातीच्या मडक्यात, भोवती काथ्याचा भुसा घालून, सावलीत ठेवा.

एकरी २५ ते ३० ग्रॅम खत आणि १३ ते १५ लिटर कोमट पाणी. काठी कडेने फिरवत न्यायची, मधला भोवरा तळाशी टेकला की झटक्यात उलटी फिरवून तो मोडायचा, पुन्हा दुसऱ्या बाजूने उभा करायचा. असं एक तास. संध्याकाळी, जमीन वाफशावर असताना, केरसुणीने जाड थेंब शिंपडायचे. कोरड्या ढेकळांवर शिंपडलं तर खतातले जिवाणू टिकत नाहीत. ढवळलेलं पाणी त्याच संध्याकाळी संपवा.

हे ढवळणं ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या जून १९२४ मधल्या व्याख्यानांतून आलं. ती आठ व्याख्यानं कोबेरवित्झला झाली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. मानणाऱ्यांचं म्हणणं असं: भोवरा आकाशाकडे उघडतो, तो मोडताना पाणी विस्कटतं आणि त्या क्षणी खताचं आणि ग्रहताऱ्यांचं बळ पाण्यात उतरतं. श्रद्धा म्हणून ही गोष्ट समजून घ्यावी, पण तिच्यावर सिंचनाचं गणित बांधू नये. पाण्याच्या रेणूंमधले बंध सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात तुटतात आणि नव्याने जुळतात, त्यामुळे भोवऱ्याचा आकार पाण्यात साठून राहत नाही. ढवळण्याने खत नीट विरघळतं आणि हवा मिसळते, इतकं खरं. तीही मर्यादेत: समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरच्या बेळगावात, २५ अंशांना पाणी लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू धरतं.

एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन ९०० टनांच्या घरात जातं. त्यात २५ ग्रॅम म्हणजे पोषण नव्हे. शेणखत किंवा कंपोस्ट सोडून नुसत्या शिंगखतावर राहिलात, तर पहिल्या-दुसऱ्या हंगामातच पीक पिवळं पडेल. स्वित्झर्लंडमधल्या थेरविल इथे १९७८ पासून चाललेल्या प्रयोगात बायोडायनॅमिक आणि सेंद्रिय वाफ्यांची माती जास्त जिवंत आढळली, उत्पादन मात्र रासायनिक खतांच्या वाफ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी. त्या वाफ्यांत कंपोस्टही पडत होतं, त्यामुळे मातीच्या सुधारण्याचं श्रेय एकट्या ढवळलेल्या पाण्याला देता येत नाही.

आता फ्लोफॉर्म. इंग्लंडचे शिल्पकार जॉन विल्क्स यांनी १९७० मध्ये हा आकार शोधला. पाणी एका वाटीतून दुसरीत उतरताना डावी-उजवीकडे झुलत इंग्रजी आठचा आकडा काढतं. दिसतं फार देखणं, पण वाट्या अगदी पातळीत बसल्या नाहीत किंवा पंपाचा प्रवाह कमी-जास्त झाला, तर झुलणं थांबतं आणि उरतो नुसता धबधबा. नव्या सिमेंटमधून चुना सुटून पाण्याचा सामू (पीएच) चढतो. किमान दोन-तीन आठवडे पाणी बदलत भिजवल्याशिवाय त्यात खत घालू नये. शिवारात वीज ठरलेल्या वेळीच असते आणि फवारणी असते संध्याकाळची. दोन-चार एकरांसाठी पिंप, बांबूची तिकटी आणि तिला टांगलेली काठी पुरते. फ्लोफॉर्म नकोच.

तो पैसा पाणी तपासायला ठेवा. कणकुंबीकडचं पावसाचं पाणी आणि अथणी-रायबागकडचं मचूळ बोअरचं पाणी एकाच भोवऱ्यात घातल्याने सारखं होत नाही. पाण्याची क्षारता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर बहुतेक पिकांना चालतं; २.२५ च्या पुढे गेलं तर फक्त क्षार सोसणारी पिकं, तीही निचरा चांगला असेल तरच. चोपण (सोडियम साठून घट्ट) झालेल्या उसाच्या रानाला चर आणि जिप्सम लागतं. ‘ऊर्जित पाण्याने जमीन सुधारते, पाण्याच्या पाळ्या कमी लागतात’ असं सांगून त्या रानाचे दोन हंगाम वाया घालवणं हा अन्याय आहे. ढवळण्यासाठी साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर उघड्या पिंपात रात्रभर ठेवा, क्लोरीन उडून जातो.

चंद्राबद्दल एक चूक सर्रास होते. शिंगखत ‘उतरत्या चंद्रात’ द्या असं सांगतात, त्याचा अर्थ लोक कृष्ण पक्ष असा घेतात. ते तसं नाही. पंचांगात चंद्र मिथुनेतून धनूकडे जात असतो ते उतरते दिवस, धनूतून मिथुनेकडे येतो ते चढते; हा फेरा २७.३ दिवसांचा. ही रीत पाळायचीच असेल तर नीट पाळा, पण वाफसा आणि चंद्र यांत एक निवडायची वेळ आली तर वाफसा निवडा.

शिंग-सिलिका, बीडी-५०१, एकरी फक्त १ ग्रॅम. तेवढंच पाणी, तेवढंच ढवळणं, पण फवारणी सूर्योदयाला, पानांवर, बारीक धुक्यासारखी. कोवळ्या रोपांवर आणि पाण्याचा ताण असलेल्या पिकावर टाळा. ही भुकटी नाकात जाणं फुप्फुसांना घातक, बाटली उघडताना मास्क हवाच. द्रावण दुहेरी कापडाने गाळा, नाहीतर नोझल तुंबतं.

पिंप कीटकनाशकाचं जुनं नको. फवारणीच्या पंपाबाबत तर आणखी जपा: टू-फोर-डी हे तणनाशक मारलेल्या पंपात धुऊनही अंश राहतो आणि वांगी, मिरची, टोमॅटो, तंबाखूची पानं वाकडी होतात. दोष मग शिंगखताच्या माथी येतो. बायोडायनॅमिकसाठी पंप वेगळा ठेवा आणि रंगाने खूण करा.