एमएमएसई की मोका : स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल कोणत्या चाचणीत लागते?

वयस्कर माणसाच्या वाढत्या विसराळूपणाची शंका आल्यावर डॉक्टर बहुधा ज्या दोन छोट्या चाचण्यांपैकी एक घेतात, त्या दोन्ही 30 गुणांच्या असल्या तरी त्यांचा रोख सारखा नाही. 1975 मधील एमएमएसईत (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) 10 गुण आजचा वार, महिना, ठिकाण अशा स्थळकाळाच्या प्रश्नांना आहेत आणि लक्षात ठेवायचे शब्द अवघे 3. त्यामुळे बळावलेला आजार ती नीट दाखवते, पण सुरुवातीच्या टप्प्यातला, विशेषतः सुशिक्षित माणूस तिच्यातून सहज निसटतो.

2005 मध्ये प्रसिद्ध झालेली मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) हीच उणीव भरून काढते. तीत 5 शब्द काही मिनिटांनी आठवायचे असतात, आकडे व अक्षरे आलटूनपालटून रेषेने जोडायची असतात आणि घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची असतात. गप्पांमध्ये अगदी व्यवस्थित वाटणारी व्यक्तीही मिनिटकाटा 2 ऐवजी थेट 10 या आकड्याकडे वळवते, तेव्हा विचारांच्या नियोजनातला बिघाड कागदावर स्पष्ट दिसतो. लवकर ओळखीसाठी माझा कौल म्हणूनच मोकाला आहे.

मात्र अल्पशिक्षितांवर तिच्यामुळे अन्याय होऊ शकतो. 12 वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षणासाठी मिळणारा 1 वाढीव गुण, ज्यांनी कधी पेन्सिलच धरली नाही त्यांना पुरत नाही. तिथे घरच्यांकडून वागण्यातला बदल समजून घेणे अधिक विश्वासार्ह ठरते. शिवाय दोहोंपैकी कुठेही गुण कमी पडले, तरी नैराश्य, थायरॉईड आणि बी12 जीवनसत्त्व तपासल्याशिवाय स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही.