अडतिसाव्या वर्षी लांबलेली पाळी आणि कोथरूडमधले एक चिकित्सालय
वयाच्या 38व्या वर्षी माझी पाळी तीन-तीन महिने लांबू लागली, रात्री घामाने उशी भिजू लागली, तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी ‘ताण आहे’ एवढेच सांगून बोळवण केली होती. कोथरूडमधल्या या छोट्या चिकित्सालयात मात्र डॉक्टरबाईंनी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतले, आईची पाळी कोणत्या वयात गेली हे विचारले, गर्भधारणा आणि थायरॉइडची शक्यता आधी तपासली, आणि एफएसएचच्या (अंडाशयाला चालना देणाऱ्या हार्मोनच्या) एकाच चाचणीवर निष्कर्ष न काढता ती चार-सहा आठवड्यांनी पुन्हा करायला लावली. ही सावधगिरी मला सर्वांत मोलाची वाटते. चाळिशीआधी अंडाशयाचे कार्य मंदावल्यास इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या अभावी हाडे ठिसूळ होतात, म्हणून हार्मोन उपचार साधारणपणे नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवतात, हे त्यांनी आकृती काढून समजावले. अशा स्थितीतही क्वचित गर्भ राहू शकतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

स्वागतकक्षात मात्र सर्वांसमोर मोठ्याने तक्रार विचारतात. हे बदलायलाच हवे, कारण तिथे बसलेली प्रत्येक बाई आधीच अवघडलेली असते. शनिवारी दोन तास थांबावे लागले. जाताना पाळीच्या तारखांची नोंद आणि जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.